४ एप्रिल १९६० : सिमोन सिन्योरे यांना ऑस्कर

हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये या दिवशी फ्रेंच अभिनेत्री सिमोन सिन्योरे यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. चित्रपट होता जॅक क्लेटन दिग्दर्शित ‘रूम ॲट द टॉप’. एलिझाबेथ टेलर, ऑड्री हेपबर्न, कॅथरिन हेपबर्न आणि डोरिस डे या स्पर्धेत मागे पडल्या. ब्रिटनमध्ये बनलेल्या चित्रपटातल्या फ्रेंच नटीलाही हॉलिवूडचा सर्वोच्च मान मिळू शकतो, हे त्या रात्री सिद्ध झाले. भूमिका होती नायकापेक्षा वयाने मोठ्या, विवाहित प्रेयसीची. सिन्योरे यांनी त्यात ना वय लपवले, ना इंग्रजीतला फ्रेंच हेल. परभाषेत काम करणाऱ्या नट्यांना त्यामुळे बळ मिळाले. २००८ मध्ये मारियों कोतियार यांनी तर फ्रेंच भाषेतील भूमिकेसाठीच हा पुरस्कार पटकावला.