‘थर्टीन’ आणि ब्लॅक सॅबथच्या चाहत्यांमधील दुफळी

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन या कामगारवस्तीतील चार तरुणांनी १९६८ साली उभ्या केलेल्या बँडने, म्हणजे ‘ब्लॅक सॅबथ’ने, जून २०१३ मध्ये ‘थर्टीन’ हा अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ गायक ऑझी ऑसबॉर्न यांच्या आवाजातील त्यांचा आधीचा स्टुडिओ अल्बम निघून ३५ वर्षे लोटली होती. विक्रीचा विचार केला तर हे पुनरागमन डोळे दिपवणारे ठरले. ब्रिटनमध्ये १९७० च्या ‘पॅरानॉइड’नंतर प्रथमच आणि अमेरिकेत तर अवघ्या कारकिर्दीत प्रथमच त्यांचा अल्बम विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. जुन्याजाणत्या चाहत्यांमध्ये मात्र या अल्बमवरून उभी फूट पडली. या फुटीची मुळे २०१३ मध्ये नव्हती. ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव नेमके कशाचे, एका गिटारवादकाचे, एका गायकाचे की चौघांच्या मिळून घडलेल्या नादाचे, हा प्रश्न चार दशके अनिर्णित राहिला होता आणि ‘थर्टीन’ने तो ऐरणीवर आणला.

त्या नादाची जडणघडण पाहिल्याशिवाय वादाचे मर्म कळत नाही. गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचे असताना पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली, आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि वादन चालू ठेवले. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’पासून त्यांनी तारा सैल करून स्वर खाली उतरवले, दुखऱ्या बोटांना त्यामुळे आराम मिळाला आणि जो जड, खर्जातला ध्वनी निघाला त्याने पुढच्या पिढ्यांच्या हेवी मेटल संगीताला वळण लावले. फेब्रुवारी १९७० मधील पहिला अल्बम बहुतांशी एका दिवसात, चौघांनी एकत्र वाजवून ध्वनिमुद्रित केलेला होता. पाऊस, मेघगर्जना आणि चर्चची घंटा यांच्यामागून त्याच्या पहिल्याच गाण्यात जो ‘रिफ’ येतो, म्हणजे गिटारवर पुनःपुन्हा फिरणारा छोटा स्वरबंध, तो अवघ्या तीन स्वरांचा आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि त्यानंतर तीव्र मध्यम. भारतीय कानांना सवयीचा असलेला हा तीव्र मध्यम तेथे आधाराविना, एकटा उभा राहतो आणि म्हणूनच अंगावर येतो. ड्रमवादक बिल वॉर्ड यांची जडणघडण जॅझ संगीतावर झालेली होती. त्यांचा ठेका घड्याळासारखा सरळ न चालता किंचित झोके घेत पुढे सरके, आणि गीझर बटलर यांच्या बेस गिटारसह तो आयोमींच्या जड स्वरांना चालते ठेवी.

१९७९ मध्ये ऑसबॉर्न यांना बँडमधून काढून टाकण्यात आले आणि रॉनी जेम्स डिओ यांच्या गायनाने १९८० चा ‘हेवन अँड हेल’ उभा राहिला, तो इतक्या तोलामोलाचा की अनेक श्रोत्यांच्या लेखी बँडचा खरा उत्कर्ष तेथूनच सुरू होतो. नंतर गायक आणि ड्रमवादक बदलत गेले, कायम राहिले ते एकटे आयोमी. १९९७ मध्ये ऑसबॉर्न मैफलींसाठी परतले, पण नवा स्टुडिओ अल्बम झाला नाही. उलट आयोमी आणि बटलर यांनी डिओ यांच्यासह ‘हेवन अँड हेल’ हेच नाव घेऊन २००९ मध्ये ‘द डेव्हिल यू नो’ काढला, आणि पुढच्याच वर्षी डिओ यांचे निधन झाले. अशा रीतीने एकाच गादीला मानणारे दोन पंथ तयार झाले होते, आणि त्यांपैकी एक शोकात असताना दुसऱ्याचा गायक परतत होता.

११ नोव्हेंबर २०११ रोजी लॉस एंजेलिस येथे मूळ चौघांनी एकत्र येऊन नव्या अल्बमची घोषणा केली. त्यानंतर दोनच महिन्यांत आयोमी यांना लिम्फोमा, म्हणजे लसीका संस्थेचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये वॉर्ड यांनी आपल्यापुढे ठेवलेला करार सही करण्याजोगा नसल्याचे जाहीर केले. ऑसबॉर्न यांनी पुढे वॉर्ड यांच्या प्रकृतीचे कारण सांगितले. कारण कोणतेही धरले तरी ड्रममागची जागा रिकामी झाली, आणि निर्माते रिक रुबिन यांनी तेथे ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या बँडचे ब्रॅड विल्क यांना बसवले. रुबिन यांनी बँडला १९७० चा पहिला अल्बम पुन्हा ऐकायला लावला आणि हेवी मेटल ही कल्पनाच डोक्यातून काढून टाकण्यास सुचवले.

चाहत्यांचे मतभेद प्रामुख्याने या सूचनेच्या फळाविषयी होते. ‘थर्टीन’चे पहिले गाणे पहिल्या अल्बममधील पहिल्या गाण्याच्याच मंद, दबक्या पावलांनी उलगडते, ‘झाइटगाइस्ट’ हे गाणे ऐकताना त्यांच्याच जुन्या ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’ची आठवण टाळता येत नाही, आणि शेवटही त्याच पाऊस-घंटेच्या आवाजाने होतो. एका गटाला यात वर्तुळ पूर्ण झाल्याचे समाधान वाटले. दुसऱ्याला ती स्वतःचीच नक्कल वाटली. ध्वनीबद्दलची तक्रार याहून तीव्र होती. मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावरचा अखेरचा संस्कार, करताना हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर दाबून सारेच मोठे करण्याची रीत त्या काळी रूढ झाली होती, आणि रुबिन यांच्याच निर्मितीतील, ‘मेटॅलिका’ या बँडच्या २००८ च्या अल्बमवरही तोच आक्षेप आला होता. ही तक्रार रास्तच होती, कारण सॅबथच्या संगीताचे सामर्थ्य ज्या शांततेवर उभे होते तीच येथे भरून काढली गेली.

नकलेचा आरोप मात्र सरसकट टिकत नाही. ‘डॅमेज्ड सोल’ हे जवळपास आठ मिनिटांचे गाणे ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांच्या, जुन्या चालीने जाते. ऑसबॉर्न त्यात पहिल्या अल्बमप्रमाणे हार्मोनिका वाजवतात, आणि उपचार चालू असलेले आयोमी घाई न करता, स्वरांना ताण देत जे एकल वादन करतात, त्यात अनुकरणाचा लवलेश नाही. याच गाण्यात वॉर्ड यांची उणीव सर्वाधिक जाणवते. विल्क निष्ठेने आणि अचूक वाजवतात, तरीही रिफ संपून पुढचा सुरू होण्यापूर्वीच्या त्या क्षणभराच्या फटीत, जेथे वॉर्ड ठेका किंचित रेंगाळू देत, तेथे सरळ मात्रा येते. वॉर्डशिवायच्या बँडला मूळ बँड म्हणू नये असे म्हणणाऱ्यांना भावनिक ठरवून मोडीत काढले गेले. वास्तविक त्यांचा मुद्दा संगीताचा होता आणि तो बिनतोड होता. डिओपंथीयांचे म्हणणे वेगळे, पण तितकेच मनःपूर्वक होते: ऑसबॉर्न यांच्या पुनरागमनाला ‘मूळ’ म्हणताना मधली तीन दशके पुसली जात होती.

बँडने ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅम येथे निरोपाची मैफल केली, तीही वॉर्ड यांच्यावाचून. चौघे एका मंचावर आले ते ५ जुलै २०२५ रोजी, ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर. ऑसबॉर्न आसनावर बसून गायले, ड्रममागे बिल वॉर्ड होते, आणि त्यानंतर सतरा दिवसांनी ऑसबॉर्न यांचे निधन झाले. त्या संध्याकाळी चौघांनी मिळून चार गाणी वाजवली. चारही १९७० सालची होती.