मलिक अंबरचा धारा

सातबाऱ्याचा उतारा एकदा निवांत वाचून पाहावा. मौजे, तालुका, जिल्हा, जिरायत, बागायत, हक्क हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. गावचा पाटील आणि कुलकर्णी मात्र इथल्याच मातीतले. महसुलाच्या कागदावर ही सरमिसळ शतकानुशतके नांदते आहे. शालेय इतिहासात मात्र दख्खनच्या मुस्लिम राजवटी येतात त्या लढायांपुरत्या. शेतसारा कोण ठरवत होते, तो वसूल कसा होत होता, पीक बुडाले तर काय होत होते, हे कुणी विचारत नाही. सामान्य रयतेचा राज्याशी संबंध तर याच ठिकाणी येत होता.

या प्रश्नांसाठी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याकडे पाहायला हवे. इथिओपियात जन्मलेला हा हबशी गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर मोडत आलेली निजामशाही त्याने पुन्हा उभी केली आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत टिकवली. त्याचा गनिमी कावा सर्वांना ठाऊक आहे. पण पंचवीस वर्षे फौज पोसायला पैसा लागतो, आणि तो शेतातूनच येत होता.

तेव्हा इजाऱ्याची पद्धत रूढ होती. एखाद्या मुलखाचा वसूल मक्त्याने द्यायचा. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरणार आणि रयतेकडून जमेल तेवढे काढणार. पुढच्या वर्षी मक्ता आपल्याकडे राहील की नाही याची त्याला खात्री नसे, त्यामुळे शेतकरी जगावा यात त्याला रस नव्हता. त्या काळी जमीन मुबलक आणि कसणारे हात कमी होते. जाच वाढला की कुणबी बैलजोडी घेऊन दुसऱ्या मुलखात जाई. गाव ओस पडे आणि सरकारचा वसूलही बुडे.

अंबरने इजारा बंद केला. जमिनीचा कस पाहून प्रत ठरवली. सुरुवातीला प्रत्यक्ष पिकाचा दोनपंचमांश हिस्सा धान्यात घेतला. काही हंगामांचा अनुभव आल्यावर तो रोख रकमेत बदलला. ही रक्कम उत्पन्नाच्या साधारण एकतृतीयांश होती आणि दरसाल लागवड किती झाली यावर ठरे. म्हणजे पेरणी घटली की साराही घटे. वसुलीची जबाबदारी पाटलावर टाकली, त्याचे वतन पक्के केले. कारभार ब्राह्मण कारकुनांच्या हाती आणि त्यावर मुस्लिम अधिकाऱ्यांची देखरेख, अशी रचना असल्याचे ग्रँट डफने १८२६ मधील मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे.

याला निव्वळ दयाळूपणा समजू नये. राज्याची गरज आणि रयतेचा जीव यांचा मेळ त्याने घातला, एवढेच. त्याला मर्यादाही होत्या. पाटलाचे वतन पक्के झाले तशी गावातली उतरंडही पक्की राहिली. बलुतेदार आणि भूमिहीन यांच्या वाट्याला या सुधारणेतून फारसे काही आले नाही.

मात्र ही व्यवस्था तिच्या कर्त्यासोबत संपली नाही. निजामशाही १६३६ मध्ये बुडाली. शहाजीराजे अंबरच्या काळात निजामशाहीचेच सरदार होते. त्यांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी अंबरचीच पद्धत पुढे चालवली, असे इतिहासकार मानतात. पुढे शिवाजी महाराजांनी अण्णाजी दत्तोंकडून जमिनीची मोजणी करवून घेतली. सभासदाच्या बखरीनुसार पिकाचे पाच भाग करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, असे प्रमाण ठरले. म्हणजे पुन्हा दोनपंचमांशच. महाराजांची मोजणी अधिक काटेकोर होती आणि वतनदारांवरचा त्यांचा वचकही मोठा होता. तरीही कोरी पाटी घेऊन कोणतेच राज्य सुरू होत नाही. चालत आलेल्या व्यवस्थेत जे उपयोगी असते ते जाणता राज्यकर्ता उचलतो. ते कोणत्या धर्माच्या माणसाने घडवले, हे तो पाहत नाही.

अंबरची कबर खुलताबादला आहे. तिथे जाणारा बहुधा त्याच्या लढाया आठवतो. त्याचा धारा आठवणारे थोडेच. आपणही, म्हणजे मराठी मुसलमानांनीही, पूर्वजांचा अभिमान तलवारीतच शोधला. दप्तर उघडले असते तर या मातीतला आपला वाटा तिथे अधिक ठळक दिसला असता.