कुंपणाचे क्रियापद

नववीच्या वर्गात इंग्रजीचा उतारा चालला होता. त्यात ‘हेज’ हा शब्द आला. हेज म्हणजे कुंपण, हे मुलांना ठाऊक होते. पण उताऱ्यातला पुढारी प्रश्नांना उत्तरे देताना ‘हेज’ करीत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, उत्तर देताना कुंपण कसं घालायचं?” वर्ग हसला. मीही हसलो आणि “उद्या सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. घरी जाताना ध्यानात आले, की मी नेमके तेच करून आलो होतो!

त्या रात्री मी या शब्दाच्या मागे लागलो.

इंग्रजीत तो हजार वर्षांहून जुना आहे. शेताच्या कडेने काटेरी झुडपे लावायची, त्यांच्या फांद्या अर्धवट कापून आडव्या गुंफायच्या, म्हणजे जिवंत भिंत उभी राहते. चौदाव्या शतकात या नामाचे क्रियापद झाले, तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता : कुंपण घालणे. सोळावे शतक सरता सरता मात्र माणूस स्वतःच त्या झुडपाआड लपू लागला आणि ‘हेज’ म्हणजे बगल देणे, सरळ न बोलणे असा अर्थ रूढ झाला. पुढच्या शतकात जुगाऱ्यांनी तो उचलला. एका घोड्यावर पैसे लावले, की थोडे दुसऱ्यावरही लावून ठेवायचे. कोणीही जिंको, आपण बुडायचे नाही.

हीच युक्ती व्यापारात शिरली. मुंबईत १८७५ साली कापूस व्यापाऱ्यांची संघटना निघाली आणि वायद्याचा बाजार रीतसर सुरू झाला. ज्याच्या गोदामात गाठी पडून आहेत, तो व्यापारी तेवढ्याच गाठींचा वायदा आज विकून ठेवी. उद्या भाव कोसळला, तर गोदामात गेलेले वायद्यात बरेचसे भरून निघे. यात लबाडी नाही. संसारी माणसाचे शहाणपण आहे. आपल्या आजीबाई साखरेच्या डब्यात नोटा दडवीत, त्याच जातीचे.

पण कुंपण आले, की आतले आणि बाहेरचे असे दोन भाग पडतातच. इंग्लंडमध्ये १७५० नंतरच्या शंभर वर्षांत पार्लमेंटने हजारो कायदे करून गावोगावची सामाईक राने बंदिस्त केली. ज्याची एकुलती एक गाय त्या रानावर जगत होती, तो गरीब कुंपणाबाहेर राहिला.

आपल्याकडे तर याहून विलक्षण प्रकार घडला. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ आणू नये, म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या छातीवर काट्यांचे कुंपण घातले. सिंधूच्या काठापासून थेट खानदेशाच्या उंबऱ्यावरच्या बऱ्हाणपुरापर्यंत बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांची ही रांग पसरली होती. कोठे जिवंत, कोठे वाळक्या काट्यांची. १८६९ च्या सुमारास या जकातीच्या हद्दीवर सुमारे बारा हजार माणसे पहाऱ्याला होती. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम यांनीच, जकात खात्याचे आयुक्त असताना, ते नेटाने वाढवले. १८७९ साली ही हद्द उठली. तोवर गरिबाच्या भाकरीवरचे चिमूटभर मीठही महाग झाले होते. कुंपणच शेत खाते, असे आपण म्हणतो, ते काही उगीच नाही.

मात्र या शब्दाच्या गोतावळ्यात एक शाळाही आहे, आणि तिने माझी झोप उडवली. आयर्लंडमध्ये १६९५ च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवण्यास बंदी झाली. तेव्हा मास्तर चोरून शिकवू लागले. कधी कोठारात, कधी झोपडीत, कधी कुंपणाच्या आडोशाला. म्हणून त्यांना ‘हेज स्कूल’ हे नाव पडले. ते मास्तर कुंपणाआड बसले. पण मुलांना शिकवायचे ते त्यांनी शिकवले.

आणि मी? काही वर्षांपूर्वी एक शेतकरी मुलाला घेऊन माझ्याकडे आला होता. दीड एकर कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज. “गुरुजी, पोराला फुडं शिकवू का? तुमी म्हनाल तसं.” पोरगा हुशार होता; शिकवा, एवढेच मी म्हणायचे होते. पण उद्या तो नापास झाला, तर बोल माझ्यावर येईल! मी म्हणालो, “मुलगा बरा आहे, पण परिस्थितीही पाहायला हवी. तुम्हीच विचार करा.” त्यांनी विचार केला. आज तो मुलगा टेम्पो चालवतो. रस्त्यात भेटला, की गाडी थांबवून माझ्या पाया पडतो. त्या वेळी पाय मागे घ्यावेसे वाटतात.

कुरुक्षेत्रावर ‘अश्वत्थामा’ मोठ्याने आणि ‘हत्ती’ हळूच म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, असे सांगतात. माझ्यापाशी रथ नव्हता, म्हणून कोणाला दिसले नाही, इतकेच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि फळ्यावर कुंपण काढले. म्हटले, “पोरांनो, पिकाला कुंपण जरूर घाला, पैशालाही घाला. पण कोणी विश्वासाने तुम्हांला काही विचारले, तर उत्तराला घालू नका. काटे बाहेरच्यालाच टोचतात.”

ती मुलगी पुन्हा उभी राहिली. “सर, मग काल तुम्ही ‘उद्या सांगतो’ का म्हणालात?”

या खेपेला मी कुंपण घातले नाही. “मला येत नव्हतं,” मी म्हणालो.