जुहूचा विमानतळ : कराचीच्या फाट्यापासून तेलक्षेत्राच्या तळापर्यंत

१/ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दुपारी जुहूच्या किनाऱ्यालगतच्या मैदानावर एक इंजिनाचे छोटे विमान उतरले. त्यात टपालाच्या पिशव्या होत्या आणि चालवणारे होते जे. आर. डी. टाटा. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे वाचलेला असतो. ज्या मैदानावर ते विमान उतरले, त्याचे पुढे काय झाले हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आजचा थ्रेड त्या मैदानाविषयी.

२/ आरंभीच एक गैरसमज दूर करू. भारतातील विमानटपालाचा प्रारंभ १९३२ मध्ये झाला नाही. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीपर्यंत सुमारे ६५०० पत्रे विमानाने नेली होती. तो एका प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेला प्रयोग होता. १९३२ चे महत्त्व वेगळे आहे. भारतीय मालकीची, वेळापत्रकानुसार चालणारी टपालसेवा त्या वर्षी उभी राहिली आणि जुहू हे तिचे मुंबईतील ठाणे झाले.

३/ प्रथम भूगोल. जुहू हे मूळचे साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याला लागून असलेले वाळूचे अरुंद, लांबट बेट. मधली खाडी उथळ असल्यामुळे ओहोटीच्या वेळी पलीकडे जाता येई. पुढे ती बुजत गेली. पण जमीन सखल आणि खाजणाचीच राहिली. जमिनीचा हा स्वभाव ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या कथेत तो वारंवार आडवा येणार आहे.

४/ १९२८ मध्ये येथे नागरी विमानतळ सुरू झाला. देशातील पहिला नागरी विमानतळ म्हणून त्याचाच उल्लेख केला जातो. त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. जे. आर. डी. याच क्लबमध्ये उड्डाण शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १.

५/ मात्र त्या काळी हवाई मार्गाने भारतात येणाऱ्याचे प्रवेशद्वार मुंबई नव्हते. ते होते कराची. मार्च १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. मुंबई आणि मद्रासकडची पत्रे कराचीपर्यंत विमानाने येत आणि तेथून पुढे रेल्वेने जात. रेल्वेच्या भाषेत बोलायचे तर कराची हे जंक्शन होते आणि मुंबईकडे जाणारा हवाई फाटा अजून पडायचा होता.

६/ तो फाटा टाटांनी टाकला. मूळ कल्पना नेव्हिल विन्सेंट या वैमानिकाची. भांडवल सुमारे दोन लाख रुपये, विमाने दोन, दोन्ही ‘पस मॉथ’ जातीची. सरकारने अनुदान देण्याचे नाकारले. जेवढे टपाल वाहून न्याल तेवढा मोबदला, एवढेच ठरले. कराचीहून निघालेले विमान अहमदाबादला इंधनासाठी थांबले. तेथे पेट्रोल बैलगाडीतून आणले गेले. अहमदाबादहून ते जुहूला आले आणि जुहूपासून पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा विन्सेंट यांनी पार पाडला.

७/ ज्याला आपण ‘विमानतळ’ म्हणत आहोत, तो तेव्हा कसा होता? झावळ्यांनी शाकारलेली एक शेड हे कंपनीचे कार्यालय. रेडिओ नाही, दिशादर्शक यंत्रणा नाही. मोठ्या भरतीला धावपट्टीची पातळी समुद्राच्या पातळीखाली जाई, असे जे. आर. डी. स्वतः सांगत असत. पावसाळ्यात तर मैदान पाण्याखालीच असे. म्हणून दरवर्षी पाऊस सुरू झाला की विमाने, वैमानिक आणि यंत्रज्ञ असा सारा संसार पुण्याला हलवावा लागे.

८/ असे असूनही सेवा नियमितपणे चालली. पहिल्या वर्षात या विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार मैलांचा प्रवास केला आणि सुमारे १० टन टपाल वाहिले. प्रवासी किती? अवघे १५५. हे प्रमाण पुरेसे बोलके आहे. त्या काळी विमानाचे खरे गिऱ्हाईक पत्र होते. माणूस टपालपिशव्यांच्या शेजारी जागा उरली तर बसत असे.

९/ पुढच्या पाच-सहा वर्षांत जुहूहून नवे मार्ग फुटले. १९३५ मध्ये गोवा आणि कण्णूरमार्गे त्रिवेंद्रम. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे या मार्गाची गंमत कळते. १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेरमार्गे दिल्ली. त्याच सुमारास ‘एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया’ या दुसऱ्या कंपनीने काठियावाडकडे उड्डाणे सुरू केली. १९३८ मध्ये साम्राज्यांतर्गत विमानटपाल योजना लागू झाली, टपालाचे वजन वाढले आणि विमानेही मोठी झाली.

१०/ थोडक्यात, जुहू हा खऱ्या अर्थाने प्रादेशिक विमानतळ होता. दूर देशीचे टपाल कराचीला उतरायचे. जुहू ते पश्चिम आणि दक्षिण भारतात पोचवायचा, तसेच संस्थानांच्या राजधान्या मुंबईशी जोडायचा. या कामाला लहान विमाने पुरत होती आणि लहान विमानांना जुहू पुरत होता.

११/ दोन घटनांनी हे गणित मोडले. पहिली दुसरे महायुद्ध. युद्धकाळात ब्रिटिश हवाईदलासाठी सांताक्रूझ येथे नवा, मोठा तळ उभारला गेला. जुहूपासून तो पूर्वेला जेमतेम दोन किलोमीटरवर होता. युद्ध संपले तेव्हा मुंबईच्या हाती दोन विमानतळ होते. एक जुना व परिचयाचा, दुसरा मोठा व बळकट.

१२/ दुसरी घटना फाळणी. ऑगस्ट १९४७ मध्ये कराची परदेशात गेले. ज्या जंक्शनच्या आधारावर जुहूचा फाटा उभा होता, ते जंक्शनच सीमेपलीकडे राहिले. मुंबईला आता फाटा राहून चालणार नव्हते. तिला स्वतःच प्रवेशद्वार व्हावे लागणार होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले.

१३/ अशा विमानांना लांब व भक्कम धावपट्टी लागते. जुहूची मुख्य धावपट्टी आजही सुमारे ११४० मीटरच आहे. तुलनेसाठी, सांताक्रूझच्या आजच्या विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांबीची आहे. जुहूच्या पश्चिमेला रस्ता आणि समुद्र, पूर्वेला वाढती वस्ती. लांबी वाढवणार कोठे? १९४८ मध्ये व्यापारी उड्डाणे सांताक्रूझला गेली. मुंबईला मोठ्या विमानतळाची निकड सर्वाधिक भासली, नेमका त्याच क्षणी तिचा पहिला विमानतळ अपुरा ठरला.

१४/ विमान कंपन्या गेल्या, तरी आकाशातून पाहणाऱ्यांचा घोटाळा मिटला नाही. दोन्ही ठिकाणच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेत. पश्चिमेकडून समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला जुहूची आधी दिसे. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसीचे ‘कॉमेट’ हे जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले आणि ते तेथून पुन्हा उडवायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ असेच चुकून जुहूला उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. विमान मात्र मोडीत निघाले.

१५/ फ्लाइंग क्लब आणि लहान विमाने यांच्यावर जुहूचे दिवस चालले होते. ही पडती अवस्था बदलली ती समुद्रामुळे. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर भर समुद्रात तेल सापडले आणि १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले. समुद्रातील फलाटांवर काम करणाऱ्या माणसांची ने-आण करण्यासाठी हेलिकॉप्टर हवे होते. हेलिकॉप्टरला लांब धावपट्टी लागत नाही. तळ किनाऱ्याजवळ असला आणि मोठ्या विमानांच्या रांगेत तिष्ठावे लागले नाही म्हणजे झाले. जुहूत या सोयी आयत्याच होत्या.

१६/ ऑक्टोबर १९८५ मध्ये आज ‘पवन हंस’ या नावाने ओळखली जाणारी सरकारी हेलिकॉप्टर कंपनी स्थापन झाली आणि जुहू हा तिचा प्रमुख तळ ठरला. ज्या मैदानातून पूर्वी टपालपिशव्या जात, तेथून आता तेलक्षेत्राचे अभियंते आणि कामगार जाऊ लागले. हे काम जोखमीचे आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत ओएनजीसीचे पाच अधिकारी होते.

१७/ पाण्याचे जुने दुखणेही सरले नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि जुहूचा सखल परिसर जलमय झाला. दुसऱ्याच दिवशी बॉम्बे हायमधील एका फलाटाला आग लागून २२ जणांचा बळी गेला. त्या पावसाळी हवामानात हेलिकॉप्टरने मदत पोचवणे दुष्कर झाले. किनाऱ्यावरचे पावसाळी मैदान आणि समुद्रातील माणसांचे प्राण यांचा संबंध किती जवळचा आहे, हे त्या दोन दिवसांत दिसले.

१८/ आज जुहूभोवती महानगर दाटले आहे. विमानतळामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते, जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडतो आणि रहिवाशांची तक्रार रास्तच असते. गजबजलेल्या आकाशामुळे फ्लाइंग क्लबनेही प्रशिक्षणासाठी धुळ्याची वाट धरली. २०१० च्या सुमारास धावपट्टी थेट समुद्रात वाढवण्याचा प्रस्तावही पुढे आला होता. म्हणजे जागा बंद करावी असे वाटणारे आहेत, तशीच ती वाढवावी असे वाटणारेही आहेत.

१९/ आता पुन्हा त्या पहिल्या उड्डाणाकडे वळू. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. तेव्हा आरंभ कराचीहूनच झाला होता. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित या तरुण वैमानिकेने त्या उड्डाणाच्या स्मरणार्थ जुहू गाठले, ते मात्र भुजहून निघून. शेवटचे ठिकाण तेच राहिले. आरंभाचे ठिकाण इतिहासाने बदलले होते.

२०/ ‘बंद पडलेला जुना विमानतळ’ असे जुहूचे वर्णन करणे म्हणूनच मला अपुरे वाटते. जमीन तीच आहे. तिचा सखलपणा, तिची अपुरी लांबी, समुद्राचे सान्निध्य यांत १९२८ पासून फारसा फरक पडलेला नाही. बदलल्या त्या भोवतालच्या गरजा. एका गरजेने या मैदानाला घडवले, दुसरीने दूर सारले आणि तिसरीने पुन्हा जवळ केले. चौथी गरज उद्या घरांची असेल किंवा वाहतुकीची. निर्णय काहीही होवो, तो घेताना ही जागा रिकामी जमीन म्हणून मोजली जाऊ नये. तिच्यावर अवलंबून असलेली माणसे आजही रोज समुद्राकडे उडत असतात.

२१/ जुहूच्या बाजूला गेलात तर विमानतळाच्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबा. हेलिकॉप्टर वर चढून पश्चिमेला वळताना दिसेल. तुमच्या गावाजवळ असा एखादा जुना विमानतळ किंवा धावपट्टी असेल, तर तिच्याविषयी जरूर लिहा.