जोगलटेंभीची पुनर्मुद्रित नाणी

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या चांदीच्या नाण्यांचा साठा. यातील सुमारे 13,250 नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची असून त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला आहे.

मूळ नाण्याच्या एका बाजूस राजाचे मस्तक व त्याभोवती ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख असे. पराभूत राजाची ही नाणी न वितळवता सातवाहनांनी ती दोन ठशांमध्ये धरून हातोड्याचा घाव घातला. नव्या ठशातून तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ आणि दुसरीकडे उज्जैन चिन्ह उमटले. पण घाव सर्वत्र सारखा बसत नसे. जिथे दाब कमी पडला, तिथे जुनी उठावाची नक्षी पुरती दबली नाही. म्हणूनच डोंगराच्या रेषांआडून नहपानाचे नाक, गाल किंवा एखादे ग्रीक अक्षर आजही ओळखू येते. ठशाला तडा गेला असल्यास धातू त्या फटीत शिरून नाण्यावर बारीक उंच रेघ येते. एकाच ठशाची नाणी ओळखताना अशा खुणांचा मोठा आधार मिळतो.

एकावर एक पडलेल्या या ठशांनी कालक्रम निर्विवाद केला: नहपान आधी, सातकर्णी नंतर. साठ्यात नहपानाखेरीज दुसऱ्या कोणत्याही क्षत्रपाचे नाणे नाही. त्यामुळे गौतमीपुत्राने खुद्द नहपानाचाच पराभव केला, हे मत सर्वाधिक सबळ ठरते.