हिमालयाची मुदत

सरकारी कामात मुदतीला फार मोल असते. कर्जाची वा कराराची मुदत कधी भरते, हे दप्तर उघडून सांगता येते. भूकंपाचेही असेच सांगता येईल काय?

हिमालयाच्या परिसरात १८९७ साली शिलाँग, १९०५ साली कांगडा, १९३४ साली बिहार-नेपाळ आणि १९५० साली आसाम येथे प्रचंड भूकंप झाले. सरासरी काढली तर अंतर सतरा-अठरा वर्षांचे येते. त्या हिशेबाने पाचवा १९६८च्या सुमारास व्हायला हवा होता. तो झाला नाही. चूक गणितात नव्हती, गृहीतात होती. हे भूकंप एका जागचे नव्हतेच.

भारताचा भूखंड नेपाळखाली वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर सरकतो. पर्वताच्या पायथ्याशी असलेला प्रस्तरभंग, म्हणजे खडकांतील मोठा तडा, मात्र घर्षणाने अडकून राहतो. साठलेला ताण अखेर एकेका भागात एकदम मोकळा होतो. म्हणून विचारायचे ते एवढेच, की हा भाग पूर्वी कधी हलला होता?

१५ जानेवारी १९३४ रोजी मुंगेर शहर जमीनदोस्त झाले. त्याच भूकंपाच्या खुणा पूर्व नेपाळात सीर खोला नदीकाठी संशोधकांना मातीच्या थरांत सापडल्या. थरांतील कोळशावरून काळ ठरवला, तेव्हा त्याआधीची खूण १२५५ सालच्या भूकंपाशी जुळली. त्या भूकंपात राजा अभयमल्लासह काठमांडू खोऱ्यातील एकतृतीयांश प्रजा दगावली, असे तेथील वंशावळी सांगतात. मधले अंतर ६७९ वर्षांचे! अर्थात, एका अंतरावरून नियम बांधता येत नाही.

२०१५ साली गोरखा येथून सुटलेला भूकंप पूर्वेकडे काठमांडूपलीकडे गेला आणि सुमारे नऊ हजार माणसे दगावली. त्याच्या पश्चिमेचा भाग मोकळा झाला नाही. पश्चिम नेपाळात शेवटचा महाभूकंप १५०५ सालचा. पाच शतकांत तेथे सुमारे दहा मीटरांची सरक साचली आहे. ती उद्या सुटेल की शंभर वर्षांनी, हे कोणीही सांगू शकत नाही.

सहाशे वर्षे म्हणजे पंचवीसेक पिढ्या. इतकी आठवण कोणत्याही घराण्यात टिकत नाही. ती नियमांत टिकवावी लागते. भारतीय मानक संस्थेने १९६२ साली भूकंपरोधक बांधकामाची मानके प्रसिद्ध केली, ती याचसाठी. परंतु मंजूर नकाशातील लोखंड प्रत्यक्ष भिंतीत पडले की नाही, हे कोणीतरी जाऊन पाहावे लागते. भूकंपाची मुदत आपल्या हाती नाही. ही तपासणी मात्र आहे.