लाकडातली खाच पुरावा म्हणून कशी वाचायची?

समजा, तुमचा विषय आहे वर्ध्याची नई तालीम. नागपूरहून वर्ध्याला जाताना वाटेत केळझर लागतं. तिथल्या एखाद्या घरात तुम्हाला सागवानी मांडणी दाखवतात आणि सांगतात, ‘ही १९४० च्या आसपास शाळेतल्या मुलांनी केलेली.’ कागद काहीच नाही. हा पुरावा घ्यायचा की सोडायचा?

आधी कागदाचं बघू. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून झाकिर हुसेन समिती नेमली गेली. समितीने मूलोद्योगांच्या यादीत सुतारकामही धरलं. पण अहवाल सांगतो काय शिकवावं. मुलांचे हात कसे चालले, हे त्यात सापडत नाही. ते लाकडात सापडू शकतं.

मांडणीची फळी काढा आणि ती जिथे बसते ती खाच बघा. ही खाच लाकडाच्या रेषांना आडवी असते. हाताने करताना आधी आखणी, मग दोन्ही कडांना करवत, मग मधलं लाकूड पटाशीने काढायचं. त्यामुळे आखणीचा ओरखडा उरतो, करवत कुठे तरी तळाखाली जाते, तळ थोडा वरखाली राहतो.

टेबलाला लावलेल्या राऊटरचं तंत्र वेगळं. मशीन टेबलाखाली, फिरणारं बिट वर, आणि लाकूड आधारपट्टीला टेकवून त्यावरून सरकवायचं. रुंदी सगळीकडे सारखी येते, तळावर बारीक गोलसर लहरी उमटतात. खाच मध्येच थांबवली तर तिचं टोक अर्धगोल राहतं. मागे जोडलाकूड लावलं नाही तर बिट बाहेर पडतं तिथली कड फुटते.

विजेवर चालणारा, हातात धरायचा राऊटर पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आला. म्हणजे तो १९४० मध्ये जगात होता! अर्धगोल टोक दिसलं म्हणून ‘खोटं’ म्हणता येत नाही. पण खेड्यातल्या शाळेत ते मशीन होतं का, तिथे वीज होती का, हे दाखवायची जबाबदारी आता तुमची. उलट बाजूही बघा. सपाट तळ म्हणजे मशीनच, असंही नाही. खाच साफ करायचा हातरंधाही तळ सपाट करतो. आणि हाताची खाच म्हणजे जुनीच, असंही नाही. पटाशी आजही चालते.

म्हणून एक सवय लावून घ्या. खाच हत्यार सांगते, तारीख सांगत नाही. हत्यारावरून फार तर ‘याच्या आधीची नाही’ एवढंच ठरतं, तेही ती खाच मागाहून दुरुस्तीत पाडलेली नसेल तर. म्हणून एका खाचेवर थांबू नका. सगळ्या खाचा मोजा, फोटो घ्या, वेगळी दिसणारी खाच स्वतंत्र नोंदवा.

त्या मुलांची नावं तुम्हाला कदाचित कुठल्याच दप्तरात मिळणार नाहीत. त्यांच्या कामाची खूण फळीखाली असू शकते. फळी काढून बघितल्याशिवाय प्रबंधात तिच्याबद्दल एक ओळही लिहू नका.